पालकांच्या गटात परतताना

महोदय,
मुलाची दारू सुटली तसा ४ वर्षांपूर्वी पालकांच्या स्वमदत गटाशी आमचा संबंधही सुटला. (खरं सांगायचं तर, सोसायटीत कळेल ही धास्ती.) दिवाळीनंतर तो पुन्हा पिऊन आला. मागच्या रविवारी कोथरूडहून बसने मी एकटीच गटात गेले. ह्यांचा पाय निघेना. जुन्यांपैकी दोघीच उरल्या होत्या. एकीने काहीही न विचारता डबा उघडला, "आधी थालीपीठ घे." मग मी नुसती रडत बसले, कुणी उपदेश केला नाही.

१९८६ पासून 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र असलेल्या पुण्यातही असे गट ओळखीपाळखीतूनच सापडतात. त्यांच्या वेळा आणि 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आपण छापाल का? राशिभविष्याशेजारी कोपरा दिलात तरी चालेल.

– एक आई, पुणे
(कृपया नाव छापू नये.)