चहा परत आल्यावर

ठाणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही "हो, आलो चालून" म्हणालात, तेव्हा मागे बातम्या चालू होत्या आणि आईने "कधी?" असं विचारलेलं मला नीट ऐकू आलं. रागावले नाहीये. रोज विचारून विचारून मीच तुम्हाला थापा मारायला लावल्यात. म्हणून आज फोन नाही, पत्र.

आमच्या सोसायटीतही हेच झालं होतं. गेल्या वर्षी हॉलमध्ये आहार-व्यायामावर व्याख्यान ठेवलं. तक्ते दाखवले, आठवड्याला १५० मिनिटं चाला म्हणून सांगितलं आणि शेवटी चहाबरोबर बटाटेवडे! (चांगले होते, मीही दोन खाल्ले.) दुसऱ्या दिवशी कचराळी तलावावर आमच्यातलं चिटपाखरूही नव्हतं.

जमवलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंनी. सकाळी सहाला समोरच्या आजींची बेल वाजवायची आणि "मी खाली थांबते" म्हणून जिना उतरायचा, एवढंच. खाली कोणी ताटकळतंय म्हटल्यावर आजी जातीलच ना! मग आजींनी चौथ्या मजल्याची बेल धरली. आता आम्ही अकराजण असतो. तलावाला तीन फेऱ्या, मग एक काका कठड्याला धरून एका पायावर उभे राहतात. पासष्टीनंतर तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी हवा म्हणतात. बाबा, न्हाणीघरात तुम्ही नळाला धरता ते मी गणपतीत पाहिलंय.

बाई गणिताच्या. चालता चालता विचारतात, "घरात महिन्याला मीठ किती लागतं?" म्हटलं, एक किलोचा पुडा, आम्ही चौघं. "म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना पाचाच्या आत सांगते. आणि तुमचं फरसाण, पाव, लोणचं मी अजून धरलंच नाही." मी गप्प. आई, तुझ्या लिंबाच्या लोणच्याला मी काही म्हणत नाही. पुडा फोडशील त्या दिवशी त्यावर तारीख लिही, बास.

बरं, या महिन्यात येऊरच्या डोंगरातल्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन आल्या होत्या. गटातल्या सगळ्यांनी मिळून घेतली, भाजी मी केली आणि खाज मारणारी काकडं घालायचीच विसरले! सात घरांत डबे गेले, सात घरांत घसे खाजले. तरी पुढच्या रविवारी टाकळा करायचं ठरलंय, फक्त तो मी करायचा नाही असंही ठरलंय. तू लसूण आधी घालतेस की खोबरं, ते कळव, म्हणजे मला निदान बाजूला उभं राहून शहाणपणा करता येईल.

आता कामाचं. पलीकडच्या आळीतल्या काकांना मी फोन केला होता. मुलगा पुण्याला गेल्यापासून तेही बसूनच असतात. त्यांना सांगितलंय, बाबांना एकट्याने जायचा कंटाळा येतो, तुम्ही बोलवायला या. तुम्हाला सांगते, त्यांना सोबत हवी आहे. दोन्ही खरं आहे. सोमवारी साडेसहाला ते फाटकाशी येतील. पाऊस असला तर देवळाच्या सभामंडपात फेऱ्या घाला, शेवाळलेल्या पाखाडीने जाऊ नका.

आणि आई, काकांना चहा परत आल्यावर दे. आधी दिलास तर दोघंही ओटीवरच बसतील.

तुमची,
धाकटी