डायनोसॉर बघायला चंद्रपूरलाही जाता यावं

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत गाडीत तंबू, स्टोव्ह टाकून आम्ही चौघं नाशिकहून गुजरातला निघालो, एका रात्री शेतमालकाला विचारून बांधावरच मुक्काम केला आणि सकाळी बालासिनोरजवळ रायोलीचं डायनोसॉर म्युझियम गाठलं. २०१९ साली सुरू झालेलं. आत राजासॉरस बघितला, डोक्यावर एक शिंग असलेला मांसाहारी, त्याची हाडं याच भागात सापडली आणि २००३ मध्ये त्याला नाव मिळालं. पण खरी मजा बाहेर फॉसिल पार्कमध्ये, तिथं खडकातच अंड्यांचे गोल दिसतात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे! मुलगी तिथून हलायलाच तयार नव्हती.

परतीच्या वाटेत तिने विचारलं, आपल्याकडे नव्हते का डायनोसॉर? होते की! चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला आयसिसॉरस सापडला, लांब मानेचा शाकाहारी, पिसदुऱ्यालाही हाडं मिळालीत, गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमचं फॉसिल पार्क आहे. पण किती शाळांच्या सहली तिकडे जातात? सरकारने चंद्रपूरला रायोलीसारखं मोठं म्युझियम उभारावं, मराठीत माहिती लावावी, जागेला कुंपण आणि गावातलीच पोरं गाईड म्हणून ठेवावीत, एवढी कळकळीची विनंती.

– एक पालक, नाशिक