पाडव्यानंतर निघू, मृगाआधी घरी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आधी कबूल करते. बाबा, तुमच्या वहीतल्या चौदा शहरांपैकी नऊ मी खोडली आणि तिकिटंही काढून टाकली. इस्तंबूल, लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, टोकियो, एवढंच. पाडवा झाला की निघायचं, मृगाच्या आधी घरी. आठ आठवडे. लातूरचा उन्हाळाही टळेल. रोम राहिलं म्हणून चिडायलेत का? पण चौदा शहरं म्हणजे दर चौथ्या दिवशी बॅगा भरणं. तिरुपतीला काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

पश्चिमेकडून फिरणं मुद्दाम ठरवलं. दर मुक्कामाला घड्याळ मागं जातं, दिवस लांबतो. उशिरा निजणं शरीराला जमतं, लवकर झोप आणणं अवघड जातं. इस्तंबूलला अडीच तासांचा फरक, लंडनला आणखी दोन, न्यूयॉर्कला आणखी पाच. शरीर रोज तास-दीड तासच सावरतं, म्हणून न्यूयॉर्कचे पहिले चार दिवस कोरे ठेवलेत. टोकियोला सगळ्यात जड जाईल: सॅन फ्रान्सिस्कोहून मंगळवारी दुपारी निघून अकरा तासांनी उतरायचं, तर वाटेत तारीख बदलणारी रेषा ओलांडल्यानं तिथं बुधवारची दुपार. तिथले पाच दिवस कोरे. हे दिवस वाया नाहीत बाबा, तेवढ्यासाठीच शहरं कमी केली.

उतरल्या दिवशी फक्त आंघोळ, वरणभात आणि संध्याकाळच्या उजेडात अर्धा तास फेरी. दुपारी झोप आली तर वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत. जास्त झोपलात की रात्री दोनला टक्क जाग येते. आली तर मोबाइल बघायचा नाही, दिवा लावायचा नाही, पडून राहायचं.

हॉटेलात खोली बहुतेक दुपारी दोन-तीननंतर मिळते. सकाळी उतरणाऱ्याला लॉबीत ताटकळावं लागतं, आणि पाठ तिथंच धरते. म्हणून सकाळी उतरायचंय तिथं आदल्या रात्रीपासूनच खोली घेतलीय. जास्तीचे पैसे गेले, जाऊ दे. सगळीकडे स्वयंपाकघर आहे. आई, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी घे, पण तुझी विजेची किटली घरीच ठेव. जपानमध्ये वीज शंभर व्होल्टची. आपली 230 व्होल्टची किटली तिथं पाचव्या हिश्श्याइतकीही तापत नाही.

आई, माळवदाच्या घरात दुपारी दार लोटून तू माझ्या डोळ्यांवर पदर टाकायचीस ना, तशी गाढ झोप मला पुन्हा कुठंच लागली नाही. तुझ्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे हातातल्या बॅगेत टाक. विमानात डोळ्यांवर घ्यायला दुकानातल्या पट्टीपेक्षा ते बरे.

आता ऐका. बाबांचं इन्सुलिन हातातल्याच बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. खालच्या सामानात ते गोठू शकतं आणि गोठलेलं टाकूनच द्यावं लागतं. दिवस लांबला की डोसची वेळ बदलते, म्हणून डॉक्टरांकडून तासांचा तक्ता लिहून आणा, अंदाजानं घ्यायचं नाही. स्यूडोएफेड्रीन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांवर जपानमध्ये निर्बंध आहेत, तुमच्या डब्यातल्या काढून ठेवा. व्हीलचेअर मी सांगून ठेवलीय. चालता येत नाही म्हणून नाही, लाइनीत उभं राहणं टळावं म्हणून. मुंबईला रात्रीच्या गाडीनं दोन दिवस आधी या.

विमानात दर तासाला उठायचं, बसल्या जागी पोटऱ्या हलवायच्या. पायात दाब देणारे मोजे घालायचे, पण साखर आहे म्हणून आधी बाबांच्या डॉक्टरांना विचार. ते हो म्हणाले तर सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजायच्या आत, शिवणाच्या टेपनं घोटा आणि पोटरी मोज. बाबा नको म्हणतील. तरी मोजच, आणि आकडे मला रविवारी फोनवर सांग.

तुमची,
ताई