लाळ म्हणजे मलम नव्हे

‘लाळेत जखम भरण्याची शक्ती’ हा आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. त्यातले विज्ञान बरोबर असले, तरी जखम चाटण्याचा सल्ला घातक आहे. लाळेतील हिस्टॅटिन-५ हे अवघ्या २४ अमिनो आम्लांचे पेप्टाइड (प्रथिनाची छोटी साखळी) कॅन्डिडा बुरशीला मारते. हिस्टॅटिन-१ मुळे पेशी जखमेच्या कडेवरून आत सरकतात, हे नेदरलँड्समधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. पण ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर. प्रत्यक्षात लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. तोंडात ते बहुधा निरुपद्रवी असतात, पण बोटाच्या चिरेत, विशेषतः मधुमेह असेल तर, त्यांच्यामुळे पू होऊ शकतो.

कुत्र्याला जखम चाटू देणे तर त्याहून धोक्याचे. हिस्टॅटिन माणसात आणि काही वानरवर्गीयांतच असते. शिवाय उघड्या जखमेला प्राण्याची लाळ लागणे जागतिक आरोग्य संघटनेने रेबीजच्या धोक्याच्या तिसऱ्या, सर्वांत गंभीर श्रेणीत धरले आहे. तसे झाल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लस व इम्युनोग्लोब्युलिनसाठी (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनसाठी) त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. किरकोळ कापल्यास वाहते पाणी, साबण आणि स्वच्छ पट्टी पुरते. एवढा खुलासा पुरवणीत ठळकपणे छापावा, ही विनंती.

– एक दंतवैद्य, सातारा