रानबदकाचा वास कसा घालवायचा

प्रिय सुन्या,

तुझा मेसेज वाचला. रानबदकं मिळणारेत आणि घरचे आत्तापासूनच नाक मुरडून बसलेत, कारण मागच्या वेळी अख्खं घर वशाट झालं होतं आणि तू मसाला दुप्पट टाकूनही काही फरक पडला नाही. फोनवर हे धड सांगता येणार नाही म्हणून लिहूनच पाठवतोय, सवडीने वाच. मसाल्याने तो वास जात नाही रे, मसाला वेगळा लागतो आणि वास वेगळा. तो येतो चरबीतून, साकळलेल्या रक्तातून नाहीतर फुटलेल्या आतड्यांतून, आणि हे सगळं भांडं गॅसवर चढायच्या आधीच निस्तरावं लागतं.

चरबीचं आधी सांगतो, खरी मेख तिथेच आहे. बदक जे खातं ते त्याच्या चरबीत उतरतं. मॅलर्ड, पिनटेल, टील ही बदकं धान्य नि गवताचं बी खाऊन पोसलेली असली तर त्यांची चरबी इतकी गोड असते की कातडी टाकून देणं म्हणजे पाप. पण मर्गान्सर नावाचं बदक मासे खातं, स्कोटर आणि गोल्डनआय ही बदकं शिंपल्या, पाण्यातले किडे असलं खातात, मग त्यांच्या चरबीला माशाच्या तेलाचा वास येतो आणि ते तेल हवा लागली की फार पटकन खवट होतं. नुसत्या जातीवर पण जाऊ नकोस, शेतात चरलेलं मॅलर्ड आणि खाऱ्या पाण्यात चरलेलं मॅलर्ड यांत बराच फरक पडू शकतो. म्हणून मी प्रत्येक बदकाची चरबी तपासून बघतो: शेपटीजवळची चरबी नखाएवढी कापायची, तव्यावर मंद आचेवर वितळवायची आणि नाक जवळ नेऊन वास घ्यायचा. छान वास आला तर कातडी ठेव, माशाचा आला तर जीव न अडकवता कातडी आणि तिच्याखालची सगळी चरबी काढून टाक, आतलं मांस त्यामानाने बरंच साफ निघतं. सांगाडा उकळून स्टॉकही (हाडांचं पाणी) असल्या बदकाचा करू नकोस.

आणखी एक, शेपटीच्या मुळाशी वरच्या अंगाला एक गाठ असते, आत पिवळट रंगाचे दोन भाग असतात. त्यातलं तेल बदक चोचीने पिसांना लावत बसतं, ते तेल फार उग्र असतं. बरेच जण ती गाठ तशीच ठेवून शिजवतात आणि मग बदकाच्या नावाने बोटं मोडतात. आजूबाजूच्या थोड्या मांसासकट खोल कापून काढ, आणि चुकून फुटलीच तर सुरी आणि पाट धुतल्याशिवाय पुढे हात लावू नकोस.

आता ज्यांच्याकडून बदकं येणारेत (परवान्याचं तू बघितलं असशीलच) त्यांना आधीच सांगून ठेव की गरम बदकं प्लास्टिकच्या पिशवीत एकावर एक कोंबायची नाहीत. आतली ऊब निघून जायला जागाच मिळत नाही आणि मांस तिथेच बिघडायला लागतं. मोकळी ठेवायची, शक्य तितक्या लवकर पोट साफ करायचं आणि थंड करायची. काही लोक पिसांसकट, पोट न फाडता, चार-पाच दिवस थंडीत टांगून ठेवतात, मांस मुरतं त्याने हे खरं, पण छर्रा पोटात लागून आतडं फुटलं असेल तर ती घाण आतल्या आत पसरत जाते, म्हणून बाहेरून आलेल्या बदकांवर तो प्रयोग तू करूच नकोस. साफ करताना ग्लोव्हज घाल, बर्ड फ्लू पाणपक्ष्यांमध्ये असतो, आणि मरगळलेलं किंवा मेलेलं सापडलेलं बदक कोणी देत असेल तर सरळ नाही म्हण.

छर्रे बोटाने चाचपून काढ. प्रत्येक छर्रा आत जाताना थोडी पिसं पण ओढून नेतो आणि तिथे काळं रक्त साकळतं, तो भाग सढळ हाताने कापून टाक. शिशाचा छर्रा असेल तर त्याचे बारीक कणही मांसात राहतात, अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे बंद आहेत पण सगळीकडे तसं नाही, तेव्हा विचारून घे.

मग मिठाचं पाणी. 1 लिटर पाण्याला साधारण 50 ग्रॅम मीठ, त्यात मांस बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी पाणी गुलाबी-लाल झालेलं दिसेल, ते ओतून दे, मांस अगदी कोरडं पुसून घे आणि तासभर तरी फ्रीजमध्येच उघडं ठेव. लोक दूध, ताक काय काय सांगतात, ताकाने थोडं मऊ पडतं पण रक्त काढायचं काम मीठच करतं. व्हिनेगरमध्ये मात्र रात्रभर ठेवू नकोस, मांस भुसभुशीत होतं. पोटात बटाटा भरला की वास शोषला जातो असंही ऐकशील, माझा त्यावर काडीचा विश्वास नाही.

शिजवायच्या आधी छाती आणि तंगड्या कापून वेगळ्या कर. ज्याला लोक वास म्हणतात ना ती पुष्कळदा कलेजीसारखी चव असते, कारण रानबदकाची छाती म्हणजे सतत उडणारा स्नायू, लोह भरपूर, आणि मोठ्या आचेवर जास्त शिजली की ती चव वर येते आणि मांस चामड्यासारखं होतं. हॉटेलात ती 55-57 अंशांवर, आत गुलाबी ठेवून देतात, पण सुरक्षित म्हणून सांगितलं जाणारं तापमान 74 अंश सेल्सिअस आहे आणि तुझ्या घरात लहान मुलं, म्हातारी माणसं आहेत, तेव्हा तू 74 च धर. मग छातीला वाचवायचा उपाय एकच, ती पण तंगड्यांबरोबर मंद आचेवर शिजव. आधी खरपूस परतून घे, सुटलेली चरबी वासाची असेल तर ओतून टाक, मग कांदा, लसूण, मिरे, तमालपत्र आणि काहीतरी आंबट, संत्र्याचा रस किंवा टोमॅटो, थोडंसं पाणी, झाकण, दोन-तीन तास. वर फेस आणि तवंग येईल तो काढत राहा. जून बदक असेल तर अजून वेळ लागेल, घाई करू नकोस, मांस हाडापासून आपोआप सुटायला हवं.

उरलेली बदकं फ्रीझ करणार असशील तर हवा पूर्ण काढून घट्ट पॅक कर, कारण -18 अंशांतही चरबी हळूहळू खवट होतच राहते. माशाच्या वासाची तर कातडी-चरबी काढूनच आत टाक आणि ती आधी संपव.

पिसं काढायच्या आधी बदकांचे फोटो पाठव, पंख उघडून आणि चोच दिसेल असे, म्हणजे जात बघून सांगतो कुठलं कातडीसकट करायचं ते.

तुझा,
बाळ्या