ताई, तुम्ही साहेबांची खुर्ची फिरवलीत

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

निरोपाच्या गर्दीत बोलायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणात कर्णबधिरांसाठी १ टक्का असतो. त्यातून मी रुजू झाले. नेमणूक झाली की कायद्याचं काम संपलं, असंच आपल्या कार्यालयाला वाटायचं. कानाला मशीन आहे म्हणजे हिला सगळं ऐकू येतं, हाही समज होताच. मशीन साहेबांच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघरही वाढवतं, निम्मं बोलणं मी ओठांवरून वाचते, हे विचारून घेतलंत फक्त तुम्ही. ‘पान’ आणि ‘मान’ ओठांवर सारखेच दिसतात म्हटल्यावर तुम्ही पर्समधला आरसा काढून दोन्ही शब्द म्हणून पाहिलेत. पुढच्या बैठकीत साहेबांच्या पाठीमागे खिडकी होती आणि चेहऱ्यावर अंधार. तुम्ही त्यांची खुर्चीच फिरवायला लावलीत. भर मे महिन्यात पंखा बंद केलात, आणि कुरकुर करणाऱ्यांना कारणही सांगितलंत.

पाठकोऱ्या कागदांवर तुम्ही मला मुद्दे लिहून द्यायचात. पण विनोदसुद्धा लिहायचात, ताई! सगळे हसून झाल्यावर उगाच हसायची मला लहानपणापासून सवय. तुमच्यामुळे मी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हसले. ते कागद मी जपून ठेवलेत.

फोन उचलत नाही म्हणून मला मेमो मिळाला, तेव्हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत घेऊन तुम्ही माझ्यासोबत केबिनमध्ये आलात. कलम २० वर पेन्सिलीने खूण होती. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्याच आहेत, असं ते सांगतं. साहेबांनी तुमच्याकडे बघून विचारलं, “यांचं म्हणणं काय?” तुम्ही म्हणालात, “त्यांनाच विचारा, त्यांच्याकडे बघून.” आणि गप्प बसलात. माझी बाजू मीच मांडली. हात थरथरत होते, पण मांडली. फोन गेला, आवक-जावक माझ्याकडे आलं, बैठकीचे विषय आधी लेखी मिळू लागले.

निरोप समारंभात तुम्ही खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलात. फोटोवाला ‘इकडे वळा’ म्हणून हात करत होता. तुम्ही वळला नाहीत. तुमचं सगळं भाषण मला दिसलं.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची