दोन खोल्यांचं घर, तान्हं मूल आणि पुराची रेघ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात घरं विकायच्या आणि भाड्याने द्यायच्या जाहिराती रोज येतात. खोल्या किती, चौरस फूट किती, एसटी स्टँड किती लांब, एवढं त्यात असतं. मी मिरज तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. लसीकरणाच्या आणि बाळंतिणीच्या भेटींमुळे उभी हयात लोकांच्या घरांत गेले, आणि सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, न थांबता थेट बाळ निजतं तिथवर गेले. त्यामुळे ‘एवढंसं घर आम्हाला पुरेल का’ असं नव्या जोडप्याने विचारलं की मला बरंच काही सांगावंसं वाटतं. ते इतर तरुण आईबापांपर्यंतही जावं म्हणून हे पत्र.

निमित्त आमच्याच गल्लीतलं. नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, बायको बाळंतपणाच्या रजेवर आणि पदरात सात महिन्यांची मुलगी. हप्ता झेपेल असा फ्लॅट मिळेना. बैठी कौलारू दोन खोल्यांची घरं मात्र बजेटात बसत होती. घरातली वडीलधारी मंडळी नाराज. पाहुणे आले तर कुठे झोपवणार, पोरगी मोठी झाल्यावर अभ्यास कुठे करणार, लोक काय म्हणतील. सुनेने मला विचारलं, “काकू, तुम्ही येता का बघायला? आम्हाला भिंती दिसतात, तुम्हाला आणखी काही दिसेल.”

आकाराचं आधी सांगते, कारण सगळी भीती तिथेच असते. प्रधानमंत्री आवास योजनेत गावाकडे जे घरकुल बांधतात त्याचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट, आणि त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली असते. दहा बाय बाराच्या दोन खोल्या, पुढे सोपा, मागे मोरी, एवढं असलं की घर त्याच्या पुढेच जातं. तीन माणसांना ते पुरतं. मी स्वतः अशा घरांत गुटगुटीत, वजनाच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात राहणारी मुलं तोलली आहेत, आणि चार-चार खोल्यांच्या बंगल्यांत सतत खोकणारीही पाहिली आहेत. पाहुणे वर्षातून चार दिवस येतात, त्यांच्यासाठी बारा महिन्यांचं कर्ज डोक्यावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं घर नदीकडच्या सखल भागात होतं. भाग सांगत नाही, कारण मालकावर बोट दाखवायचा हेतू नाही. घर देखणं. नवा डिस्टेंपर, फरशी घासलेली, दारात जास्वंद. जोडपं खूश झालं. मी विजेच्या बटनांकडे बघत होते. सगळे बोर्ड पाच फुटांच्या वर बसवलेले, फ्रिजचा प्लगसुद्धा माणसाच्या डोक्याशी. शहाणा माणूस उगाच एवढ्या वर बोर्ड लावत नाही. कपाट जरा पुढे ओढायला लावलं. मागे रंग मारलेला नव्हता, आणि भिंतीवर आडवी पिवळट रेघ, तिच्या खाली पांढरा खार फुललेला. बोट फिरवलं तर मिठासारखी पूड हाताला आली. चौकटीच्या खालच्या वीतभर लाकडात नखही रुतत होतं. मालकांना विचारलं तर म्हणाले, “थोडं पाणी आलं होतं.” थोडं म्हणजे सुनेच्या छातीला लागेल एवढं.

सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. जुलै 2021 मध्ये पुन्हा 55 फुटांच्या जवळ. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी घर बघायला उन्हाळ्यात गेलं की कुणाच्या लक्षात राहत नाही. बैठ्या घराला वरचा मजला नसतो. पाणी चढलं की पेटी, पीठ, बाळाचं अंथरूण वर न्यायला जागा नाही, माणसांनाही नाही. अशा घरात तान्हं मूल असेल तर इशारा पातळीलाच निघावं लागतं, आणि निघून कुठे जायचं ते आधी ठरलेलं असावं लागतं. माहेर कोरड्या भागात आहे का, तिथे जायचा रस्ता पुराखाली जातो का, नवरा रात्रपाळीवर असला तर बाळ कोण उचलणार. हे तीन प्रश्न त्या घरात उभं राहूनच मी दोघांना विचारले. उत्तरं मिळाली नाहीत आणि आम्ही निघालो.

जलसंपदा विभागाची पूररेषा असते, ती बघायची. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणारा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. प्लॉट कुठल्या रेषेत पडतो हे नगररचना विभागात विचारता येतं. कागद काही कारणाने मिळाला नाही तर शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारावं. 2019 ला माल कुठल्या फळीपर्यंत भिजला हे तो हाताने दाखवतो.

दुसरं घर विश्रामबागच्या पुढे, मिरजेच्या बाजूला. कौलं जुनी, भिंती दगडमातीच्या, जमीन शहाबादी फरशीची. दिसायला पहिल्यापेक्षा कितीतरी साधं. पण आत पाऊल टाकताच गारवा लागला आणि कुबट वास अजिबात आला नाही. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या घरात दुपारी बाळाच्या मानेवर, बगलेत घामोळं उठतं, बाळ दूध ओढत नाही, आई कावून जाते. कौल आणि माती हा ताप खूपच कमी करतात. पत्र्याचं घर घ्यावंच लागलं तर आतून छत घालण्याचा खर्च किमतीतच धरावा.

मग चूल. मालकीणबाई पाणी तापवायला मागच्या खोलीतच लाकडं जाळायच्या. त्या भिंतीचा वरचा भाग काळा झाला होता. लहान मुलांच्या न्यूमोनियामागे घरातला धूर हे मोठं कारण आहे, हे आम्हाला प्रत्येक प्रशिक्षणात शिकवलं आणि मी ते प्रत्यक्ष पाहिलं. दोन खोल्यांच्या घरात धुराला बाळापासून लांब जायला वाव नसतो. म्हणून बंब बाहेर, परसात पत्र्याच्या आडोशाला, आणि आत फक्त गॅस, ही अट मी घातली. ओट्याच्या वर जाळीचा झरोका पाडायलाही सांगितला. त्याला एक गवंडी आणि अर्धा दिवस पुरतो.

बाळ झोपणार कुठे, यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. कौलारू घर, मागे परस, पलीकडे उसाचं रान. अशा ठिकाणी पावसाळ्यात मण्यार घरात येते. ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, तोवर वेळ निघून जातो. मोठं माणूस निदान काही चावल्याचं सांगतं, तान्हं फक्त रडतं. म्हणून लहान घरात जागा वाचवायला पलंग काढून खाली अंथरूण घालायचा बेत मी मोडून काढते. पलंग हवा, भिंतीपासून वीतभर लांब, आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. डासांना ती लागतेच. लहान घरात पलंगाखालचीच जागा म्हणजे कोठीची खोली, तिथे पेट्या ठेवा, पण पोती आणि सरपण नको. आपल्या जोडप्याने खोली मापली आणि पलंग, पाळणा, शिलाई मशीन बसतं असं पाहून घेतलं. पाळण्याची कडी कुठल्या तुळईला अडकवायची तेही ठरलं, कारण सगळ्याच तुळया वजन पेलतील अशा नव्हत्या. एकीला वाळवी लागलेली होती.

पाण्याचं दोन ओळींत सांगते. नळ दिवसाआड येत असेल तर बॅरल भरून ठेवावे लागतात, आणि डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून भांडी घासून पालथी घालावीत. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं, म्हणून हौदाला झाकण आणि मोरीला गुडघाभर फळी. परसातला बोअर आणि संडासाची टाकी एकाच कोपऱ्यात असतील तर तो सौदा मी तरी होऊ देणार नाही.

आणि आई. घर बघायला येणारी माणसं तिचा विचार शेवटी करतात. दिवसभर बाळाबरोबर ती एकटी असते. तिला दार उघडं टाकून बसता येईल असा सोपा आहे का, समोर बोलायला बाईमाणूस आहे का, अंगणवाडी चालत जाण्यासारखी आहे का. बाळंतपणानंतर मनाने खचलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच चौथ्या मजल्यावरच्या बंद दाराआड होत्या. या घराच्या समोर एक आजी चिंचा फोडत बसल्या होत्या. आम्ही आत होतो तेवढ्या वेळात त्यांनी बाळाला मांडीवर घेतलंही. सुनेचा निर्णय तिथेच अर्धा झाला हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

कागद मात्र अर्धवट निघाले. घरपट्टीची पावती मालकांनी मोठ्या विश्वासाने पुढे केली. घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही, हे आपल्याकडे अजून किती घरांत माहीत नाही! सिटी सर्व्हेचा उतारा किंवा सातबारा, त्यावर कुणाकुणाची नावं, फेरफार झाला का, हे पाहावं लागतं. आपल्या शहरात गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकण्याची रीत जुनी आहे. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरं नियमित करता येतात आणि 2021 च्या दुरुस्तीने ही सोय 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. पण नियमित ‘करता येतं’ आणि ‘केलेलं आहे’ यात बँकेच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. प्रमाणपत्र हातात नसेल तर कर्ज अडतं. इथे तेच झालं. खरेदी सुनेच्या एकटीच्या नावाने करावी असंही मी सुचवलं, 2021 पासून महिलेला घर घेताना मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, आणि तिच्या नावावर छप्पर असणं मला पैशापलीकडेही महत्त्वाचं वाटतं.

मग आम्ही असं ठरवलं: अकरा महिन्यांचा भाडेकरार करायचा, तोही नोंदवून. तेवढ्यात मालकांनी नियमितीकरणाचा अर्ज मार्गी लावायचा. करारात एक पावसाळा येतो आणि एक उन्हाळा येतो. काळ्या मातीत बांधलेलं घर पावसात फुगतं आणि उन्हात तडकतं, पाया मुरमापर्यंत गेलाय की नाही ते तेव्हाच कळतं. कौल कुठे गळतं, मोरीचं पाणी कुठे तुंबतं, बाळ रात्री किती वेळा खोकतं, सगळं आपोआप समोर येतं. तान्हं मूल असलेल्या प्रत्येक जोडप्याने घर विकत घेण्याआधी असा एक पावसाळा भाड्याने काढावा, असं मी आग्रहाने सांगते. भाडं वाया गेलं असं वाटतं, पण वीस वर्षांच्या हप्त्यापुढे ती रक्कम काहीच नाही.

संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. घरांच्या जाहिराती घेताना अर्जावर एक रकाना वाढवा: 2019 आणि 2021 ला या जागेत पाणी किती आलं होतं. मालकाने रकाना कोरा सोडला तर जाहिरातीत तसं छापा. पालिकेनेही प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर दोन्ही पुरांची पातळी ऑइल पेंटने रंगवून ठेवावी आणि दरवर्षी मे महिन्यात ती पुन्हा गिरवावी. लोकांनी घरोघर मारलेल्या रेघा नव्या रंगाखाली जात आहेत, आणि घर शोधत फिरणाऱ्या पोरांच्या कडेवर बाळं आहेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
विश्रामबाग, सांगली